नायलॉनला बाभळीची साल

'हे जाळे पाण्यात दिसत नाही.' हे पाच शब्दांचे वाक्य मी साठ सालानंतरच्या एका माघ महिन्यात लिहिले. त्यात चूक काही नव्हती.

मी तेव्हा अकोल्याला छापल्या जाणाऱ्या एका दैनिकाचा अमरावतीचा वार्ताहर होतो. मजकूर पाकिटात घालून संध्याकाळच्या अकोला गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी अंक आला की त्यातले किती शिल्लक राहिले ते पाहायचे, असा क्रम होता. त्या बातमीच्या बावीस ओळींतल्या सहा राहिल्या. ते वाक्य मात्र संपादकांनी वर उचलले आणि मथळा केला : 'पाण्यात न दिसणारे जाळे'.

बातमी कौंडण्यपूरची होती. मत्स्य खात्याचे एक अधिकारी नायलॉनचे जाळे दाखवायला वर्धा नदीवर आले होते. मी सायकल एस.टी.च्या टपावर टाकून तिवस्यापर्यंत गेलो आणि पुढे ती चालवत नदीवर पोचलो. अधिकारी रत्नागिरीकडचे, तिशीतले, माघातही छत्री उघडून उभे. त्यांनी जाळ्याचे एक टोक डोहात सोडले आणि काठावरच्या लोकांना ते शोधायला सांगितले. डोहाचे पाणी नितळ होते. तरी ते कोणाला सापडले नाही.

जाळे एका भोयाला वापरून पाहण्यासाठी दिले गेले. तो चाळिशीचा होता, आईबरोबर काठावरच्या झोपडीत राहत असे. अट एकच होती. पावसाळ्याआधी साहेब परत येऊन जाळे तपासणार. नीट राखले असेल तर ते त्याच्याकडे राहील, नसेल तर दुसऱ्या गावच्या माणसाला जाईल.

त्याला ते हवे होते आणि त्याचे कारण साधे होते. सुताचे जाळे पाण्यात कुजते. ते कुजू नये म्हणून बाभळीची साल कढईत उकळायची, त्या काढ्यात जाळे बुडवायचे, वाळवायचे, फाटलेले विणायचे. चार दिवस मासेमारी केली की एक दिवस यात जाई. नायलॉन कुजत नाही. "आता मी कढईपासून सुटलो बावा," असे तो त्या दिवशी दोनदा म्हणाला. ती बातमी त्याने कापून झोपडीच्या दाराला आतून खळीने चिकटवली.

चैत्रात मी पुन्हा गेलो. जाळे कसे चालते यावर चार ओळी हव्या होत्या. सकाळची वेळ होती. भोई डोंग्यातून जाळे ओढत होता आणि आई काठावर टोपले घेऊन बसली होती. मासे चांगले मिळाले होते, रोहू आणि शिंगाळे. जाळ्याच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून हातभर खाली, एक पक्षी अडकला होता. राखी पाठ, पांढरे पोट, डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच. चोचीत मासा होता. दोघेही जाळ्याच्या एकाच घरात अडकून मेले होते.

पुस्तकांत या पक्ष्याला नदी सुरय म्हणतात, हे मला पुढे कळले. समुद्रावर उडणाऱ्या सुरयांचीच ही नदीकाठची भावकी. त्या काठावर मात्र त्याला वेगळे नाव नव्हते. बगळ्याला बगळा म्हणत, पाणकावळ्याला पाणकावळा, टिटवीला टिटवी. नुसते पाखरू म्हटले की हेच.

"हे चवथं," आई म्हणाली. पक्षी तिने स्वतः सोडवला. पंख न मोडता, एकेक दोरा बाजूला करत. 

"मुद्दाम धरतो का मी?" डोंग्यातून मुलगा म्हणाला. "ते येऊन पडतात, त्याले मी काय करू?"

"सुताच्या जाळ्यात काहून नाही पडले आजलोक?"

"ते दिसे त्याईले."

"हां," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "पेपरवाले भाऊ, तुमीच लिवलं ना ते? दाराले चिकटवलं हाय यानं. रोज वाचून दाखवते मले. माशाले दिसत नाही म्हनता, मंग पाखराले कसं दिसन?"

मी सांगितले, बातमी माशांबद्दल होती.

"पाखराईले सांगा मंग तसं."

मुलगा हसला. मीही हसलो असेन. पण तिचा मुद्दा वहीत लिहून घेतला.

नदीच्या मधोमध वाळूचा लांब पट्टा होता. काठाच्या बाजूला यांची डांगरवाडी होती. टरबुजांना वऱ्हाडात डांगर म्हणतात. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पाखरांची अंडी. घरटे म्हणण्यासारखे काही नव्हते. वाळूत तळहाताएवढा खळगा, त्यात दोन किंवा तीन अंडी, वाळूच्याच रंगाची. आईने प्रत्येक खळग्याजवळ तुरीची एक काडी रोवली होती, डांगराला पाणी घालताना पाय पडू नये म्हणून. मी काड्या मोजल्या. अकरा होत्या. चार काड्यांजवळची अंडी एकट्या पक्ष्याने राखलेली होती. एकटा पक्षी अंड्यांवरून उठून मासे मारायला गेला की अंडी उन्हात उघडी पडत. जोडी असली की एक बसे, दुसरा नदीत पोट भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. दुपारच्या बाराला त्या वाळूवर माझ्याने अनवाणी उभे राहवले नाही.

आईला त्या पाखरांची माया होतीच, पण तिचा हिशेब धंद्याचाही होता. पाखरू पाण्यावर एका जागी पंख मारत थांबले की खाली माशांचा थवा असतो. भोई तिथे डोंगा नेतो. तिच्या नवऱ्याने जन्मभर तसेच केले. "पाखरं सरले, की जाळं कुटी टाकशीन?" ती मुलाला म्हणाली. "पेपरात पाहून टाकशीन?"

जाळे तो सोडणार नव्हता. तिलाही ते ठाऊक होते. जाळे सोड असे ती म्हणालीच नाही.

वैशाखात अधिकाऱ्यांबरोबर तपासणीला गेलो. खात्याची जीप होती, म्हणून सायकल घरी ठेवली. झोपडीपाशी उतरलो तेव्हा भोई समोर आला नाही. आईच आली. बाजेवर काहीतरी पोत्याखाली झाकलेले होते आणि त्या पोत्यावर भोई बसलेला होता.

"जाळं कुठाय?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"हाय ना सायेब," भोई बसूनच म्हणाला.

"हाय, पण कुठे?"

"याच्याच खाली हाय," आई म्हणाली. "ऊठ रे. सायेब इतक्या दुरून आले, अन तू त्याच्यावर बसून राहिला."

तो उठला. पोते काढले. माघात पाहिलेले पांढरे, चकाकणारे जाळे आता काळपट तपकिरी झाले होते. लोखंडी कढईत बाभळीची साल उकळली की असा रंग येतो.

"सायेब, मी घरी नव्हतो," भोई एका दमात म्हणाला. "तिवस्याच्या बाजारात गेलतो. मांगं हिनं शिजवून टाकलं. मी सांगतलं होतं, हे सूत नाही, हे कुजत नाही, याले साल लागत नाही. साऱ्या गावात हासू झालं. भोयाच्या बुढीनं नायलॉन शिजवलं म्हनते."

"कुजू नये म्हनून नाही शिजवलं," आई म्हणाली. "दिसावं म्हनून शिजवलं."

अधिकाऱ्यांनी छत्री मिटली. जाळे उचलले, दोन हातांत ताणले, गाठी तपासल्या, एका घरातून तीन बोटे घालून पाहिली. "थोडं आटलंय," ते म्हणाले. भोयाने मान खाली घातली. मग त्यांनी जाळे नाकाशी नेले आणि ते तसेच धरून राहिले. आम्ही तिघे पाहत होतो.

"आमच्याकडे ऐनाची साल वापरतात," ते म्हणाले. "वास असाच. थोडा उग्र."

ते कोळ्याच्या घरातले होते, हे आम्हाला तेव्हा कळले. मग ते बाजेवर बसले आणि बोलत राहिले. त्यांच्या गावी समुद्रावर कुरव पक्षी जाळ्याभोवती घिरट्या घालत, एखादा अडकला तर त्यांचे वडील तो सोडवून उडवून देत. कासव आले तर हळदकुंकू वाहून परत पाण्यात सोडत. गेल्या दिवाळीला ते घरी गेले होते. तिकडेही हेच पांढरे जाळे पोचले होते. एका खेपेत सहा कुरव मेलेले निघाले. वडिलांनी त्यांना विचारले, तुझ्या खात्याचं जाळं पक्षी का धरतं? 

"किती वेळ उकळलंत, मावशी?"

"एक चिलीम होईस्तोवर. लय नाही. लय उकळलं तं मेनावानी होईन, असं वाटलं मले."

"आणि साल?"

"टोपलंभर. दोन दिस भिजवून."

ते त्यांनी वहीत लिहून घेतले. खात्याच्या नव्हे, खिशातल्या लहान वहीत. मग तपासणीचा कागद काढला. त्यात जाळ्याची लांबी, गाठी, फाटलेले भाग आणि स्थिती असे रकाने होते. स्थितीच्या रकान्यात त्यांनी 'चांगली' असे लिहिले. रंगाचा रकाना नव्हता.

"म्हंजे राहिलं ना सायेब आमच्याकडं?" भोयाने विचारले.

"राहिलं. पण पुढच्या वेळी उकळताना मावशींना विचार. तुझं तू करू नकोस."

"हे घ्या," भोई म्हणाला. "सुटलो म्हनत होतो कढईपासून."

त्या दिवशी जीपमध्ये सहा डांगरे ठेवली गेली. तीन साहेबांची, तीन माझी.

जाळे रंगवल्यापासून त्यात एकच पाखरू सापडले होते. हे रंगामुळे झाले असे मी लिहिले नाही. आईने मुलाला जाळे वाळूच्या पट्ट्यापासून दूर, पल्याडच्या काठाला टाकायला लावले होते. दोन गोष्टी एकदम केल्या तर कोणत्या गोष्टीने काम केले हे सांगता येत नाही. मासा थोडा कमी मिळतो, असे भोयाचे म्हणणे होते. किती कमी, हे त्याने मोजले नव्हते. एवढे सगळे मी अकोल्याला पाठवले. चार ओळी आल्या, मथळ्याशिवाय, बाजारभावाच्या खाली.

पुढच्या चैत्रात मी बातमी नसताना गेलो. रविवार होता. झोपडीच्या मागे कढई चुलीवर होती आणि भोई स्वतः साल घालत होता. सुतासारखा रंग नायलॉनवर टिकत नाही, म्हणून दर महिन्याला उकळावे लागते, अशी त्याची तक्रार होती. आई सावलीत बसून चिलीम ओढत होती. चिलीम संपली की ती "काढ" म्हणणार होती.

"यंदा किती काड्या?" मी विचारले.

"चवदा," तो म्हणाला. "साऱ्या जोड्या हायेत. सकाळी पायल्या मी."

"तूच रोवल्या?"

"मायचे गुडघे दुखतात."

आई "काढ" म्हणाली. एक टोक त्याने धरले, दुसरे मी. गरम, ओले, जड जाळे आम्ही बाभळीच्या फांदीवर टाकले. माझे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले. ते पुढे आठवडाभर तसेच राहिले.

भोयाचे दुसरे एक जाळे होते, नायलॉनचेच, मागच्या महिन्यात रंगवलेले. ते पल्याडच्या काठाला पाण्यात होते. त्याच्या वरच्या कडेला बांधलेल्या लाकडी तरंड्या पाण्यावर एका ओळीत तरंगताना दिसत होत्या. एक पाखरू त्यांच्या वर हवेत पंख मारत थांबले, चोच खाली करून. मग ते तरंड्यांच्या अलीकडे, हातभर अंतरावर, दगडासारखे पाण्यात पडले. भोयाने हात पुसणे थांबवले. तरंड्या हलल्या नाहीत. पाखरू वर आले, चोचीत मासा होता. वाळूच्या पट्ट्याकडे जाताना ते एकदा पाण्याला टेकले, पोट भिजवायला, आणि पुढे गेले.

"तिकडं मासा हाय," भोई म्हणाला आणि डोंगा सोडायला गेला.