स्थळाआधीचं रुखवत

कागदाची कात्रणं कितीही झाडा, आठवड्यानं कॉटखालून एखादं निघतंच. आमच्या घरातल्या हस्तकलेचे किस्सेही तसेच. एक सांगायला जावं, तर मागून चार निघतात!

लग्न होऊन मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आले, तेव्हा नणंदेच्या, कुसुमच्या, रुखवताची तयारी जोरात चालली होती. मी विचारलं, "लग्न कधी आहे?"

कुसुम म्हणाली, "वहिनी, मुलगा मिळाला की!"

मी थक्क! कुसुमला मंगळ होता. पत्रिका बघून तीन स्थळं परत गेली होती. पण सासूबाईंचं म्हणणं, "रुखवत तयार असलं की नवरदेव जातो कुठं?" ती पत्रिका ट्रंकेच्या तळाशी असायची. पिवळा कागद, लाल शाई, कोपऱ्याला कुंकवाचं बोट. मासिकातली कात्रणं बघून कागद-कापडाचे प्रयोग करायचं काम मात्र नव्या सुनेकडे आलं.

*

पहिला प्रयोग बाटिकचा. द्वारका चौकातून मेण आणलं, उशीच्या अभ्र्यावर वेल काढली, रंगवली. मेण काढायला वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवायची, असं मासिकात लिहिलं होतं. मी सकाळचा ताजा पेपर घेतला. कागद उचलला आणि किंचाळलेच! वेलीच्या मधोमध एक टोपीवाले, मिशीवाले गृहस्थ. निधनवार्तेतले!

साबणानं जाईनात, लिंबानं जाईनात. शेवटी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो अभ्रा यांच्या उशीला घातला. हे ड्यूटीवरून येऊन आडवे झाले आणि ताडकन उठले.

"हे कोण?"

आई म्हणाल्या, "झोप तू. ते काही बोलत नाहीत."

*

शेजारच्या शेखभाभींनी बांधणी शिकवली. कापडात एकेक दाणा धरून दोऱ्यानं आवळायचा. आम्ही साडीभर मटकी बांधली, रंगवण्याआधी पाण्यात भिजवली, पिळून बादलीत झाकून ठेवली आणि दोन दिवस विसरलो.

झाकण काढलं तर साडीला मोड आलेले! भाभींनी कपाळावर हात मारला. "या अल्ला, ये साडी है के खेत?"

आई शांतपणे गाठी सोडायला बसल्या. "रंग लागला नाही ना अजून? मग उसळ होईल."

झाली. भाभींकडेही वाटीभर गेली.

*

निफाडच्या द्राक्षबागायतदारांचं स्थळ आलं त्या दिवशी मी बटाट्याचे ठसे कोरून टेबलक्लॉथ छापत होते. पाहुणे आधीच्या बसनं आले. घरात दुसरा बटाटा नाही. आईंनी ठशांवरचा रंग तासला, धुतले, चिरले आणि पोह्यांच्या फोडणीत टाकले!

मुलानं चमचा उचलला आणि थांबला. चमच्यावर बटाट्याचं पान, शिरांसकट, कडेला जराशी निळी झाक.

तो म्हणाला, "पोह्यांतबी नक्षी?"

कुसुम हसली. तोही हसला. उरलेली पानं त्यानं शोधून शोधून खाल्ली!

निघताना त्याची आई म्हणाली, "पोरगी पसंत हाय. गुरुवारी येते मी. पत्रिका काढून ठेवा."

कुसुमचं हसू तिथंच विझलं.

*

दुसऱ्या दिवशी कागदाच्या लगद्याची टोपली करायची होती. जुने पेपर भिजवायचे, मेथी वाटून घालायची, मळायचं. आजवर लांबून सूचना देणाऱ्या आई त्या दुपारी आपणहून कागद फाडायला बसल्या. मला नवलच वाटलं.

परातभर लगदा तयार झाला आणि हे भुकेलेले घरी आले. मी "अहो" म्हणेपर्यंत चिमूट तोंडात!

यांनी जरा चावून बघितलं.

"थालीपिठात मेथी छान लागतेय. मीठ कमी आहे."

उरलेला लगदा पालथ्या पातेल्यावर थापला. वरून कागदाचे तुकडे आईंनीच चिकटवले.

*

गुरुवारी निफाडच्या बाई आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "पत्रिका देता ना?"

आईंनी कपबशी खाली ठेवली. "काय सांगू तुम्हाला! आमच्या सूनबाईनं ती टोपलीच्या लगद्यात घातली. नवी आहे हो!"

माझ्या हातातला ट्रे पडता पडता राहिला. मी? मी त्या ट्रंकेला हातसुद्धा लावला नव्हता! पण दाराआडून कुसुम माझ्याकडे बघत होती, श्वास रोखून. मी मान खाली घातली.

"चुकलं माझं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईंकडे.

"जाऊ द्या," त्या उठत म्हणाल्या. "आमच्याकडं उंदीर लय झालेत. पोराची पत्रिका कालच खाल्ली त्यांनी."

*

लग्नात रुखवत मांडलं. विहीणबाई एकेक वस्तू न्याहाळत पिवळ्या टोपलीपाशी आल्या. उचलली, कौतुक केलं आणि पालथी केली.

बुडाला रंग नव्हता. तिथं लाल शाईची अर्धी चौकट आणि कुंकवाचं बोट उमटलेला कोपरा, लगद्यात न मिसळता नीट चिकटवलेला!

विहीणबाईंनी बघितलं. आईंनी बघितलं.

"बघा!" आई म्हणाल्या, "बुडाला रंग द्यायचा राहिलाच की! नवी आहे हो आमची सून."