रक्तपेढीची यादी आणि माझी घाई

गणपतीच्या आधी नगरला एका रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभी होते. भाचीला बाळंतपणात रक्त लागलं होतं. आतला माणूस कॉम्प्युटरकडे बघतोय, मी त्याच्याकडे... आणि पडद्यावर नुसतं चाक फिरतंय.

“आवो, फ्रिज उघडून बघा की हातानं!”

“मावशी, यादी आल्याशिवाय पिशवी काढता येत नाही.”

पिशवी मिळाली, भाची वाचली. पण ते चाक काही डोक्यातून जाईना.

पाथर्डीला घरी आले आणि सगळा राग सुनेवर काढला. अश्विनी घरूनच कॉम्प्युटरचं काम करते, आणि त्या रक्तपेढीचा प्रोग्राम तिच्याच कंपनीचा. यादी लवकर यावी म्हणून तो दुरुस्त करायचं काम तिनं साहेबांकडून मागून घेतलं.

डेटाबेसमध्ये एक फंक्शन लिहून ठेवलेलं होतं. ते म्हणे एकेका पिशवीसाठी सगळं रजिस्टर पहिल्यापासून चाळायचं. मी ऊस तोडलेली बाई... एकेक ऊस घेऊन ट्रककडं कोण पळतं? मोळी बांधायची ना!

“तेच करतेय, आत्या,” ती म्हणाली. दोन दिवसांत केलंही. बटण दाबलं की यादी हजर.

पण मग बसली ती बसलीच. जुनी यादी आणि नवी यादी ताडून बघत... एकेक रक्तगट, एकेक दिवस. आठवडा गेला.

“झालंय न्हवं? मग दे की त्यांना! तिथं कुनीतरी ताटकळत आसंल.” रोज बोलले, नाही नाही ते बोलले. ती आपली ताडतच राहिली.

सातव्या दिवशी तिनं हाक मारली. नव्या यादीत एक पिशवी जास्त होती... मुदत संपलेली. सगळं एकदम गोळा करताना मुदत तपासायची एक अट सुटली होती.

“आत्या, ही कुणाला तरी दिली गेली असती.”

मी चहा ठेवला. ती अट घालून सगळं पुन्हा ताडण्यात आणखी दहा दिवस गेले. मी एकदाही विचारलं नाही.

परवा शेजारणीसाठी पुन्हा त्याच खिडकीशी उभी राहिले. पदर सावरेपर्यंत यादी आली. “घ्या मावशी, आता पळा!” तो माणूस हसून म्हणाला.

पळाले नाही. मला वाचायला फारसं येत नाही, पण आकडे येतात. पिशवीवरची तारीख दोनदा वाचली... आणि मगच पाय उचलला.