परीक्षेबाहेरची पुस्तकं

"याच्यावर पेपर नाही येत गा!" असं म्हणत तो माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचा.

चूक माझीच असायची. नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेत सगळेच स्पर्धा परीक्षेवाले. छापलेलं काही दिसलं की खाली रेघ ओढायची, हा आमच्या हातांना जडलेला रोग. त्याने दिलेल्या पहिल्याच कथासंग्रहात मी नायकाचं गाव, शिक्षण आणि मृत्यूचं कारण अधोरेखित केलं होतं. समासात 'महत्त्वाचे' असंही लिहिलं होतं. तो हसून हसून बेजार झाला.

तुम्ही कधी अभ्यासिकेत बसला असाल, तर असा एखादा पाहिलाही असेल. कूलरसमोरची जागा सोडून कोपऱ्यात बसणारा, सामान्य ज्ञानाच्या जाड गाइडमध्ये कादंबरी लपवून वाचणारा. तो उमरेडचा. वडील हातमाग सोडून कापडाच्या दुकानात लागलेले. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा, आणि परीक्षेचा एकच प्रयत्न उरलेला.

पुस्तक परत केलं की विचारायचा, "मंग, तुले काय वाटलं?"

"लेखकाचा संदेश असा की..."

"लेखकाले राहू दे बे. तुले?"

चोवीस वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दोनदा नापास झालो होतो, स्वतःला कवडीमोल समजत होतो. मग एका कथेतला बाप मुलासाठी जेवायचा थांबतो, तिथं मला रडू फुटलं. त्या दिवशी चहाच्या टपरीवर मी तासभर त्याला माझ्या घरचं सांगत बसलो. तेव्हापासून मी पुढच्या पुस्तकाची वाट पाहू लागलो.

एका दुपारी त्याचे वडील एसटीने डबा घेऊन आले. तो बाहेर गेला होता. "पोराचा अभ्यास कसा चालू हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी छाती फुगवून म्हणालो, "काका, तो परीक्षेच्या लय पुढे गेला. खरे पुस्तकं वाचते. त्यानंच मले माणसात आणलं."

त्यांनी गाइड उघडलं, आतली कादंबरी पाहिली. "एकच चान्स उरला गा त्याले," एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने ते त्याला घेऊन गेले. जाताना तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी त्याचं कौतुक करायला गेलो आणि त्याच्या हातातलं पुस्तक घालवलं. ही बोच अजून जात नाही.

तो फोन उचलेना. सहा महिन्यांनी एक कथासंग्रह वर्तमानपत्रात गुंडाळून मी उमरेडला गेलो. दारात वडीलच होते.

"तो दुकानात गेला. आला का अभ्यासाले बसते. दुसरं काही घरात येऊच देत नाही मी." त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "हे परीक्षेचं हाय ना?"

मी पुडकं पुढे केलं.

"हो काका. परीक्षेचंच."

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि आत जाऊन देवाजवळ ठेवलं.