पारडाचं गोणपाट

नव्वदच्या सुमारास धुळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई म्हशीचं दूध विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही. दुधात पाणी पडू नये म्हणून घरच्यांनी मला रोज समोर पहाऱ्याला उभं केलं होतं. माझी जाणकारी एवढीच, की म्हैस काळी असते.

त्या हिवाळ्यात म्हशीचं पारडू मेलं आणि तिने पान्हा चोरला, दूध सोडेना. ती आटली, तर अक्काला तिला विकावंच लागणार होतं. शेजारचा गवळी म्हणाला, "पान्ह्यानी सुई टोच ना अक्का, दोन मिनिटमा धार लागी."

"तिनं पिल्लू गयं, आते सुई बी टोचू का?"

अक्काने थंडीत पारडाच्या अंगावर घातलेलं, त्याच्या वासाचं गोणपाट म्हशीच्या तोंडाशी ठेवलं आणि कोमट पाण्याने कास चोळली. म्हैस गोणपाट चाटू लागली. तेवढ्यात मी शिंकलो. म्हैस दचकली, सड कोरडेच!

"भाऊ, भिंतआड जा ना," अक्काने हात जोडले.

मी भिंतीआड श्वास रोखून उभा राहिलो, तेव्हा कुठे बादलीत धार वाजली. डोकावून म्हणालो, "फसली की बिचारी!"

म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून अक्का दूध काढत होती. "फसनी नही, भाऊ. तिले बठ्ठं, सगळं समजस. पन तिनं आंग तिनं ऐकत नही."

आज कोणावर चिडायचं नाही असं रोज सकाळी ठरवणाऱ्या आणि चहा व्हायच्या आत चिडणाऱ्या मला हे लगेच पटलं. मी भांडं पुढे केलं.