फाइल कुठे अडली होती

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. शालिनीताई अमोलिक सर्वोच्च न्यायालयात जाता जाता राहिल्या, त्याला मीही कारण आहे... पाच आठवड्यांपूर्वी गुरुग्रामहून त्यांच्या मुलाचा, जोएलचा फोन आला, "मामा, आई गेली." रडू यायच्या आधी मनात आलं, आता त्या पुन्हा विचारणार नाहीत. त्या सुटकेची लाज अजून जात नाही.

नगरहून दिल्लीला नोकरीसाठी आलो तेव्हा आमच्याच गावच्या, घरोब्यातल्या ताईंकडे उतरलो होतो. त्या तेव्हा वकिली करायच्या. हिवाळ्यात गच्चीवर उन्हाला बसून, पुढ्यात मटारची पितळी परात घेऊन खटल्यांच्या गोष्टी सांगायच्या. मी सोलायचो कमी, खायचो जास्त. "सतीश, तुला सोलायला बसवणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं!" अशाच एका दुपारी त्यांनी सांगितलं, की एका कारखान्यातल्या संपकऱ्यांचा खटला लढवताना त्या त्यांच्या सभेतही बोलल्या होत्या. "घसा बसेपर्यंत बोलले रे. दुसऱ्या दिवशी कोर्टात आवाजच फुटेना."

पुढे त्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि मी सरकारात नेमणुकांच्या फाइली पाहू लागलो. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ न्यायाधीश नाव सुचवतात, ते सरकारकडे येतं. सरकार शंका काढून परत पाठवू शकतं, आणि त्या येण्याजाण्याला मुदत नसते. एके दिवशी ताईंचंच नाव माझ्या टेबलावर आलं. आमचा घरोबा आहे, फाइल दुसऱ्या कुणाला द्या, एवढं म्हणायचं होतं. तेवढंही मी म्हणालो नाही. साहेब म्हणाले, "अभी जल्दी नहीं है. कुछ पूछ लो." फाइलीत विचारण्यासारखं काहीच नव्हतं. मला मात्र गच्चीवरची ती दुपार आठवली... संपाच्या सभेतल्या भाषणाबद्दल खुलासा मागवावा, असं टिपण मी लिहिलं. बासष्ट पूर्ण होताच त्या उच्च न्यायालयातून निवृत्त होणार आणि मग नाव मागे पडणार, हे मला फाइल न उघडता माहीत होतं. दर वाढदिवसाला गाजर हलवा मीच तर नेत असे. खुलासा आला, नाव पुन्हा आलं, तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. त्या वर्षीही मी हलवा नेला.

शेवटचं भेटलो ते त्यांच्या बाल्कनीत. मध्ये तीच परात. "एक सांग, फाइल अडली कुठे होती रे?"

"वर, ताई."

"वर म्हणजे? चौदाव्या मजल्यावर राहते मी. इथून तर काही दिसत नाही!" त्या हसल्या. मीही हसलो, आणि खाली मान घालून शेंगा सोलत राहिलो.

घर आवरताना जोएलनं ती परात मला आणून दिली. "आईनं सांगून ठेवलं होतं, मामाला दे." आता रविवारी मीच मटार सोलतो. एकही दाणा तोंडात जात नाही. ताईंना द्यायचं राहिलेलं उत्तर मी जोएलला देणं लागतो, त्याच्यासमोर बसून, तोंडानं... फाइल माझ्या टेबलावर अडली होती.