शनिवारच्या तासाला कुणी वाचलं?

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी वाचते ते हसायला. चकवा, पैंजणांचा आवाज, विहिरीवरची बाई... स्टाफरूममध्ये मी ते मोठ्यानं वाचून दाखवते आणि आम्ही सगळ्याजणी चहा सांडेपर्यंत हसतो. माझे वडील पाटणचे, एसटीत कंडक्टर होते. कुणी भुताची गोष्ट काढली की म्हणायचे, "जे माणूस दिसतं त्याचंच तिकीट फाडायचं." मीही तशीच. म्हणून हे लिहायला मला तीन महिने लागले. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मी तुमच्यावर कमी हसलेली नाही.

मी एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. इस्लामपूरपासून नऊ-दहा किलोमीटरवर गाव, चहूबाजूंनी ऊस. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. लायब्ररी म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली — एक दार, दोन खिडक्या, सात लोखंडी रॅक आणि चार हजारांवर पुस्तकं. सोळा वर्षांपूर्वी मी रुजू झाले तेव्हा तिथं मोडकी बाकं आणि कबड्डीच्या मॅट होत्या आणि पुस्तकं दोन कपाटांत कोंबलेली होती. आज त्यातल्या प्रत्येक पुस्तकाला माझ्या हातचं खाकी कव्हर आहे. कुठलं पुस्तक कुठल्या रॅकवर आहे ते मला झोपेतून उठवून विचारा. गर्व म्हणा हवं तर. आहेच मला.

आणि सगळ्यात जास्त गर्व आहे तो शनिवारच्या तासाचा. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास नववीचा, माझ्याकडे. त्या तासाची पद्धत मी स्वतः बसवलीय. मुलांनी रॅकच्या आड पांगून बसायचं, एकमेकांकडे पाठ करून. ज्याला वाटेल त्यानं आपल्या जागेवरून मोठ्यानं वाचायचं. त्याचं संपलं की दुसऱ्यानं. नाव घ्यायचं नाही, हजेरी नाही, वळून बघायचं नाही. मीसुद्धा दाराकडे तोंड करून कव्हरं घालत बसते. तोंड दिसलं नाही की मुलं मोकळी होतात. हेडसरांना हे थेर वाटतात, पण ज्या पोरांना फळ्यासमोर घाम फुटतो ती पोरं माझ्या रॅकमागून खणखणीत वाचतात. आवाजावरून मी एकूण एक मूल ओळखते.

ओळखत नव्हते तो एकच आवाज — काजलचा. कारण तो कधी यायचाच नाही.

काजल जतकडची. घरात मेंढरं, आई-बाप वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन फिरतीवर, म्हणून आठवीपासून ती इथं आत्याकडे राहते. आठवीत आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं वर्गात धडा वाचला. तिकडचा हेल, त्यात मधूनच एखादा कानडी शब्द... वर्ग हसला. शिकवणारे सरसुद्धा हसले. मग पोरांनी तिला बघितलं की "बें" करायला सुरुवात केली. त्या दिवसापासून पोरीनं शाळेत तोंड मिटलं ते मिटलंच. हजेरीला सुद्धा "हजर" म्हणायची नाही, हात वर करायची. माझ्याकडे पुस्तक घ्यायला आली की तेवढं कुजबुजायची, "बाई, ह्ये नेऊ का?" जरासा घोगरा आवाज. तेवढाच मला माहीत.

तर फेब्रुवारीतला एक शनिवार. दोन-चार मुलांचं वाचून झालं.  खालून उसाच्या ट्रॉलीचा आवाज येत होता. आणि शेवटच्या रॅकमागून एक आवाज सुरू झाला. घोगरा... पण काय सांगू, स्वच्छ.

"दुष्काळाचं साल हुतं. आज्जा तवा माझ्याएवढा. मेंढरं नदी उतरून अल्याड आली, पर एक कोकरू पल्याड ऱ्हायलं. त्याची आई पाण्यात उभी, पर पाण्याला तोंड लावंना. आज्ज्याचा बा म्हणला, तिची तान पल्याड ऱ्हायलीया..."

'तिची' म्हणून ती थांबली, क्षणभरच, आणि मग 'तान' म्हणाली, म्हणजे तहान. माझ्या हातातला कागद तसाच राहिला. पाचेक मिनिटं ती वाचत होती. पोरगा कोकरासाठी परत नदीत शिरतो, इथपर्यंत. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वळून बघायचं होतं, फार बघायचं होतं, पण नियम माझाच. मी नुसतं म्हटलं, "कुणी वाचलं ते मला कळलंय बरं का. शाब्बास." तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं नेहमीसारखी दारातून उधळली. मी डोळे पुसत बसले होते, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमचं तिघींचं पाचगणीला जायचं ठरलेलं. मी, पोस्टातली सुनंदा आणि सरकारी दवाखान्यात नर्स असलेली नसीम. गाडी नसीमची आणि ती चालवते रुग्णवाहिकेसारखी. महिन्यातला एक रविवार आम्ही नवरे-पोरं-स्वयंपाक सगळं घरी ठेवून निघतो. साताऱ्यात मिसळ, पुढे वाई, मग घाट. त्या दिवशी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत उभं राहून मी दोघींचे कान किटवले. काजलनं असं वाचलं, काजलनं तसं वाचलं. सुनंदा म्हणाली, "अगं, एवढं कौतुक तू स्वतःच्या पोराच्या दहावीला नव्हतं केलंस." म्हटलं, "त्यानं दोन वर्षं तोंड मिटलं असतं तर केलं असतं."

सोमवारी मी हेडसरांकडे गेले. तालुक्याची अभिवाचन स्पर्धा दोन आठवड्यांवर होती, शाळेतून एकच नाव जायचं. दरवर्षी ठरलेली एक मुलगी जाते, बक्षीस आणते. मी काजलचं नाव सांगितलं.

हेडसर चष्म्यावरून बघत राहिले. "मॅडम, ती हजेरीला हजर म्हणत नाही."

"मी या कानांनी ऐकलंय सर."

"आणि स्टेजवर गप्प उभी राहिली तर?"

माझा स्वभाव. तोल गेला की गेला. मी म्हणाले, "तर शनिवारचा माझा तास घ्या. तुमचे सराव पेपर घ्या त्यात." हे पेपर ते वर्षभर माझ्या तासात बसवायला बघत होते. त्यांनी लगेच नाव लिहिलं.

त्या दिवशी काजल शाळेत आली नव्हती. मी तिकडं लक्षच दिलं नाही, कारण मी ती गोष्ट शोधत होते. कुठल्या पुस्तकातली? ग्रामीण कथांचा अख्खा रॅक चाळला. दिवाळी अंक काढले. चार हजार पुस्तकांत ते पान नाही. मला न सापडणारं पान माझ्या लायब्ररीत... मला रागच आला.

मंगळवारी मधल्या सुट्टीत काजल आली. तिच्या मागून वर्गातल्या दोघी, हेलावरून ओळखून, "लय भारी वाचलंस गं शनवारी," म्हणत. ती भांबावलेली. मी तिला आत घेतलं, सांगितलं की तुझं नाव दिलंय.

ती हळूच म्हणाली, "बाई, मी शनवारी न्हवते."

"कुठं होतीस?"

"गावाकडं. बिरोबाच्या जत्रंला. शुक्रवारीच गेलो, काल सांच्याला आलो."

मला वाटलं लाजतेय, अंग काढून घेतेय. खाली जाऊन वर्गाची हजेरी बघितली. शुक्रवार, शनिवार, सोमवार — गैरहजर. संध्याकाळी आत्याच्या घरी गेले. आत्यानं मोबाइलमध्ये फोटो दाखवला. शनिवारचा, सकाळी साडेदहाचा. घोंगडीवर बसलेला म्हातारा, शेजारी काजल, दोघांच्या कपाळाला भंडारा. इथून तीन तासांची एसटी. साडेदहाला माझा तास चालू होता.

मी फोटोखालची वेळ तीनदा वाचली. आत्या म्हणाली, "आवं बाई, पाणी देऊ का?"

एकेका मुलाला बोलावून विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. पाहिलं कुणीच नव्हतं. तू वाचलंस का, तू का — वर्गातल्या सगळ्या मुलींना मला आठवत होत्या त्या ओळी वाचायला लावल्या. एकीचाही आवाज जुळेना. नसीमनं मला कानाच्या डॉक्टरांसमोर बसवलं, ते तिच्या दवाखान्यात येतात. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. नसीम म्हणाली, "कानाचं मला माहीत होतं, जिभेचं औषध आहे का विचारत होते." मग बाहेर आल्यावर गंभीर झाली. "नाव मागे घे. तुझ्या तासासाठी त्या पोरीला स्टेजवर बळी देऊ नकोस. परत एकदा हसली पोरं, तर ती जन्मात बोलणार नाही."

ती बरोबर बोलत होती. हेडसरांपुढे तोंडघशी पडायचं माझ्या जिवावर आलं होतं, नाव मागे घेतलं की तासही जाणारच होता, पण ती बरोबर होती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी काजलला बोलावलं आणि सगळं खरं सांगितलं. की मी तुझा आवाज समजले, चूक माझी, उद्या नाव मागे घेते.

ती म्हणाली, "काय वाचलं हुतं, बाई?"

मी सांगितलं. नदी, कोकरू, पाण्याला तोंड न लावणारी मेंढी. 'तिची तान पल्याड ऱ्हायलीया.'

काजलनं रॅकला हात लावला. "ही आज्ज्याची गोष्ट हाय. त्याची सोताची. जत्रंत त्यानं मला पयल्यांदा सांगितली, शनवारी सकाळी. मी अजून कुणालाच सांगितली न्हाई."

 माझ्या अंगावर काटा आला होता, पण तिला भीती वाटलेली दिसली नाही. ती कसला तरी विचार करत होती. मग तिनं विचारलं ते हे —

"पोरं हसली का?"

"नाही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही गं."

तिनं दप्तर खाली ठेवलं. "मग नाव ऱ्हाऊ द्या. मी वाचते."

त्या रात्री तिनं वहीत गोष्ट लिहून काढली, आज्ज्याच्याच भाषेत. ती भाषा सुधारावी असं एका क्षणासाठी माझ्या मनात आलं होतं, याची मला आज लाज वाटते. रोज शाळा सुटल्यावर ती शेवटच्या रॅकमागे, मी दाराकडे तोंड करून. पहिले दोन दिवस नुसता कागदाचा आवाज. तिसऱ्या दिवशी एक ओळ. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पूर्ण गोष्ट, पण पुटपुटत. पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचली नसती.

स्पर्धा इस्लामपुरात होती. भरलेला हॉल, माइक, तीन परीक्षक. तिचं नाव पुकारलं, ती जाऊन उभी राहिली आणि... काहीच नाही. अर्धा मिनिट. मागे कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारी हेडसरांनी घड्याळ बघितलं. काजल माझ्याकडे बघत होती. तिथं रॅक कुठून आणू?

मी उठले, खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसले. समोर सगळा तालुका. हेडसर दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, काय करताय?" मी म्हटलं, "ऐकतेय."

आणि मागून आवाज आला. "दुष्काळाचं साल हुतं..." तोच. घोगरा, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. 'तिची' म्हणून थांबला आणि मग 'तान' म्हणाला. हा थांबा मी तिला शिकवला नव्हता, कधी सांगितलाही नव्हता. सरावात ती तिथं एकदाही थांबली नव्हती. माझ्यासमोर तीनशे माणसं होती आणि मी प्रत्येकाचं तोंड बघत होते. कुणीही हसलं नाही. एक बाई पदरानं डोळे टिपत होत्या. हेडसरही टिपत होते, पण ते नाकबूल करतात.

दुसरा नंबर आला. पहिला यायला हवा होता, पण परीक्षकांचे कान तपासायला नसीम तिथं नव्हती. शनिवारचा तास अजून माझ्याकडेच आहे.

त्या शनिवारी माझ्या शेवटच्या रॅकमागे कोण होतं? मला माहीत नाही. आज्जा तिकडं सांगत असताना गोष्ट इकडं कशी आली, जो आवाज पोरीनं स्वतःच अजून काढला नव्हता तो मला आधीच कसा ऐकू आला... सुनंदा म्हणते बिरोबा, नसीम म्हणते योगायोग, हेडसर म्हणतात विषय बदला.  चार हजार पुस्तकांत याचं उत्तर नाही, मी बघितलंय.

एवढं मात्र सांगते. स्पर्धेहून आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. काजल खिडकीशी बसली, ढाल मांडीवर, आणि तिनं बाहेरच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. रोपवाटिका, पाईप-मोटारी, दूध संकलन केंद्र, वाढदिवसाचे फ्लेक्स, पुढे वळण आहे. गावापर्यंत एक पाटी सोडली नाही. कंडक्टर वळून बघायला लागला, पुढचे आजोबा म्हणाले, "बाई, पोरीला जरा गप बसवा की." सोळा वर्षं मी दिवसभर पोरांना गप्प बसा म्हणत आलेय, पण त्या आजोबांना मी म्हटलं, "न्हाई बसवणार."