न बोलायचं नाटक

कॉलेजात नाटक बसवणाऱ्या आमच्या सरांचा एकच धोशा होता: नाटकात एक शब्दही बोलायचा नाही. गोष्ट नाही, संवाद नाही, राजा नाही की सासू नाही. सात जणांनी काळे टी-शर्ट घालून नुसतं अंग हलवायचं. "अर्थ प्रेक्षक लावतील," म्हणायचे. सर वाढलेले परभणी शहरात. पालमकडची माणसं काय अर्थ लावतील ते त्यांना कुठून कळणार! मला कळत होतं, कारण प्रयोग माझ्याच गावात होता.

नवरात्र चालू होतं. देवीच्या देवळापुढं मांडव आयताच घातलेला, म्हणून सरपंचांनी दुपारी चारची वेळ दिली. दसरा झाला की निम्मं गाव उसाला निघायचं, त्यात माझी माय. ऊसतोडीला जोडी लागते. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. इतकी वर्षं मायच्या जोडीला माझे वडील, आबा होते. त्या उन्हाळ्यात आबांची कंबर गेली आणि त्यांना वाकता येईना. उरले कोण, तर मी. परभणीत होस्टेलवर राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एकदा उसाला गेलेली पोरगी परत कॉलेजात बसल्याचं आमच्या गावात तरी मी पाहिलं नव्हतं.

माय हो म्हणेना, नाही म्हणेना. "तुजं नाटक बघते, मंग सांगते," एवढंच बोलली. म्हणजे माझं सगळं शिक्षण त्या पाऊण तासावर टांगलेलं. आणि त्यात मी करणार काय, तर अंग हलवणार! सरांचा असा राग आला होता म्हणून सांगू.

नाटक सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, मागून ओरडा आला, "आवाज येईना गेलाय! माइक बंद हाय का रं?"

मांडववाला बिचारा धावत गेला आणि भोंगा वाढवून आला. त्यातून नुसतं कुंईऽऽ वाजलं. सगळा मांडव हसला. "कायला लोळायलेत हे? फिट आली काय?" कुणीतरी म्हणालं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर काढले. आम्ही एकमेकांच्या पाठीवर चढत होतो, घसरत होतो, आणि दर वेळी घसरताना मला बायकांत बसलेली माय दिसत होती. उपासानं तोंड सुकलेलं, पदर दातात धरलेला. ती हसत नव्हती. हसली असती तरी बरं वाटलं असतं.

शेवटचा भाग माझा होता. बाकीचे सहा जण भोवती आडवे पडून जोरजोरात श्वास घेणार आणि मी मधोमध गुडघ्यांवर बसून कमरेतून गोल फिरणार, केस मोकळे सोडून. नवरात्रात, देवीपुढं, केस सोडून घुमणाऱ्या बाईला आमच्याकडं काय समजतात! सरांचं सोडा, पण माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं. शहाणपण शहरात ठेवून आले होते मी.

मी फिरायला लागले आणि शिट्ट्या एकदम थांबल्या. "अंगात आलं," कुणीतरी हळूच म्हणालं. मोबाइल खाली गेले.

आमच्या गल्लीतली एक म्हातारी उठली. तिच्या स्वतःच्या अंगात दर नवरात्राला देवी यायची, आणि आली की ती सगळ्यांना लेकरा म्हणायची, सरपंचांनासुद्धा. तिनं हळदकुंकवाचं ताट आणून माझ्या कपाळभर मळवट भरला आणि मागं वळून म्हणाली, "इचारा आता, ज्याला इचारायचं त्यानं."

सर कडेला उभे राहून थांबू नको, थांबू नको असं हातानं सांगत होते. थांबणार तरी कशी? थांबले तर देवीची थट्टा केली म्हणून गाव अंगावर येणार. इकडं आड, तिकडं विहीर. घुमत राहिले.

आणि माय उठली.

माझ्यापुढं बसून तिनं पदर पसरला, कपाळ जमिनीला टेकवलं. माझी माय, माझ्या पाया पडत होती!

"आई," ती म्हणाली, "मालकाची कंबर गेली. लेकीला संगं नेऊ का शिकू देऊ? तूच सांग."

मांडवात फक्त सहा जणांचे श्वास. खरं सांगते, त्या वेळी ना देव आठवला, ना नाटक. मला फक्त भीती वाटत होती. तोंडातून निघून गेलं, "माय, नको नेऊ."

मांडवानं उदो उदोचा गजर केला. परतीच्या जीपमध्ये सर फणफणत होते, "एक शब्द बोलायचा नव्हता, तू तीन बोललीस!" थोड्या वेळानं त्यांचंच त्यांना बरं वाटलं. "पण प्रेक्षक गुंतले होते हं," म्हणाले. मी तोंड फिरवून बसले. देवीच्या नावानं मी मायला फसवलं होतं, आणि ते मला गिळवत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. मी बोचकी चढवायला गावी गेले होते. मायनं कोयता पोत्यात गुंडाळला, तेव्हा मला राहवलं नाही.

"माय, त्या दिवशी ती देवी..."

"देवी लेकरा म्हनती," माय पोत्याला गाठ मारत म्हणाली. "मला माय कोन म्हनतंय, ते कळत न्हाई व्हय मला?"

"मंग शिकायला कामून ठिवलंस मला?"

"इचारलं मीच. तू सांगितलंस. ऱ्हाऊ दे, आबाला नको सांगू. देवीनं सांगितलं म्हनून तर माज्या जोडीला उठलाय त्यो." तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला. "जा, तुजी यष्टी जाईल."

ती ट्रॉलीत चढली. आबा कमरेला पट्टा आवळून पोत्यांवर बसले होते, आणि मला हात करायलासुद्धा त्यांना वळता येत नव्हतं.